माळढोकाचे गणित आणि शेतकऱ्याचा जमाखर्च

महाराष्ट्र शासनाने १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर केले. त्याचे क्षेत्रफळ होते ८,४९६ चौरस किलोमीटर. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे दोन गोवे पोटात घालूनही उरेल एवढा मुलूख एका पक्ष्यासाठी कागदावर राखून ठेवण्यात आला होता. त्यात करमाळा, माढा, मोहोळ, कर्जत, श्रीगोंदे या तालुक्यांचे भाग होते. गावे, बाजारपेठा, रस्ते, शाळा, सारे काही होते. माळढोक मात्र थोडे होते, आणि पुढे ते अधिकच थोडे होत गेले. २०१२ मध्ये अभयारण्याचे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणण्यात आले. अलीकडच्या वर्षांत तर नान्नजच्या माळावर गणनेच्या दिवशी एखादा पक्षी दिसला तरी त्याची वार्ता होते.

या विपरीत प्रकाराची कारणे सांगताना कोणी शिकाऱ्यांना दोष देतो, कोणी वनखात्याला, कोणी ऊसवाल्यांना. तिन्ही आरोपांत तथ्यांश आहे. परंतु आरोपी सापडला म्हणजे गुन्ह्याची रीत समजली असे होत नाही. प्रस्तुत लेखक प्राणिशास्त्राचा नव्हे, अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. त्याला या प्रश्नाचे आकर्षण वाटते ते निराळ्याच कारणाने. बदलत्या जमीनवापरात आणि बदलत्या हवामानात एखादी जात किती काळ तग धरील, याचा हिशेब मांडणारे एक शास्त्र गेल्या पन्नास वर्षांत उभे राहिले आहे. त्याची रचना पाहिली की आमच्या विषयाच्या माणसाला आपल्या घरी आल्यासारखे वाटते. तेथे भांडवल आहे, व्याज आहे, जोखीम आहे आणि दिवाळेही आहे. बहुधा नसतो तो फक्त शेतकरी. आणि माझ्या मते पाणी मुरते आहे ते नेमके तेथेच.

सरासरीची फसवणूक

देशातील माळढोकांची संख्या १९६९ च्या सुमारास बाराशे-साडेबाराशे असावी असा अंदाज होता. २००८ पर्यंत ती तीनशेवर आली आणि २०१८ च्या सुमारास दीडशेच्या आसपास. या तीन बिंदूंमधून पट्टीने रेघ ओढून पक्षी कोणत्या साली संपेल ते सांगण्याचा मोह कोणालाही होईल. ती रेघ निरुपयोगी आहे. संख्या मोठी असते तेव्हा ती कमी करणारी कारणे निराळी असतात. लहान झाली की तिच्या लहानपणातूनच नवी कारणे उपजतात.

अमेरिकेतील मार्क शॅफर या संशोधकाने १९८१ मध्ये हा मुद्दा स्वच्छपणे मांडला. तो यलोस्टोनच्या अस्वलांचा अभ्यास करीत होता. लहान संख्येला चार प्रकारच्या अनिश्चितता ग्रासतात असे त्याने दाखविले: जन्ममृत्यूतील निव्वळ योगायोग, हवापाण्याचे चढउतार, पूर-वणव्यासारखी अरिष्टे आणि रक्तसंबंधातील प्रजननाने येणारी दुर्बलता. जात टिकली असे कधी म्हणावे, याची त्याने सुचविलेली कसोटीही पाहण्यासारखी आहे: एक हजार वर्षे टिकण्याचा संभव नव्याण्णव टक्के असला पाहिजे. कोणत्याही बँकेने इतकी कडक कसोटी स्वतःला लावल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

यांपैकी हवापाण्याच्या चढउताराचा परिणाम समजून घेण्यास साधे अंकगणित पुरते. समजा, एका माळावर शंभर पक्षी आहेत. चांगल्या पावसाच्या वर्षी त्यांची संख्या चाळीस टक्क्यांनी वाढते, अवर्षणाच्या वर्षी चाळीस टक्क्यांनी घटते, आणि अशी वर्षे एकाआड एक येतात. (माळढोक एका वर्षात एवढा वाढणे शक्य नाही, आकडे केवळ तत्त्व कळावे म्हणून घेतले आहेत.) वाढ-घटीची सरासरी शून्य, म्हणून शंभराचे शंभर राहतील असे वाटते. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी १४० झालेले पक्षी दुसऱ्या वर्षी ८४ होतात. दहा वर्षांनी ४२ उरतात आणि वीस वर्षांनी जेमतेम १७. आता चढउतार चाळीसऐवजी दहाच टक्क्यांचा धरा. सरासरी तीच, शून्य. परंतु वीस वर्षांनंतरही ९० पक्षी शिल्लक राहतात. ज्यांनी एका वर्षी बुडालेले भांडवल पुढच्या वर्षी तेवढ्याच टक्क्यांच्या नफ्याने भरून निघेल असे मानून धंदा केला असेल, त्यांना हे गणित समजावून सांगण्याची गरज नाही.

हवामानबदलाविषयी आपल्याकडे चर्चा होते ती तापमानाची सरासरी किती अंशांनी वाढणार, पाऊस सरासरीच्या किती टक्के पडणार, अशी. सोलापूर पर्जन्यछायेतला जिल्हा. वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. ही सरासरी उद्या तसूभरही बदलली नाही, केवळ ओली वर्षे अधिक ओली आणि कोरडी वर्षे अधिक कोरडी होऊ लागली, तरी वरच्या अंकगणिताप्रमाणे माळावरचा जीव तोट्यात जातो. सरासरीचे कोष्टक पाहणाऱ्याला हा तोटा दिसणारच नाही.

निव्वळ योगायोगाची गोष्टही तशीच. पाच पिले जन्मली तर पाचही नर किंवा पाचही माद्या निघण्याचा संभव सोळांत एक आहे. शंभर पिलांच्या बाबतीत असा विचारही करण्याचे कारण नाही. पण ज्या माळावर पक्षीच पाच-सात उरले आहेत, तेथे सोळांत एक ही उपेक्षणीय जोखीम नव्हे. म्हणून या शास्त्रातील प्रतिमान एकच उत्तर देत नाही. संगणकावर प्रत्येक पक्ष्याच्या नावाने दरवर्षी जणू फासे टाकले जातात: जगला की मेला, अंडे घातले की नाही, पिलू तगले की कोल्ह्याने नेले. असा पन्नास किंवा शंभर वर्षांचा डाव हजार वेळा खेळायचा आणि त्यांतील किती डावांत संख्या शून्यावर आली ते मोजायचे. आयुर्विमा महामंडळाचे मृत्यूचे कोष्टक तुमची-आमची मरणतिथी सांगत नाही. म्हणून ते खोटे ठरत नाही, आणि हप्ता त्यावरूनच ठरतो. या प्रतिमानांकडेही तशाच दृष्टीने पाहावे. ती भविष्य वर्तवीत नाहीत. कोणता खर्च झेपेल आणि कोणता दिवाळे काढील, एवढेच ती सांगतात.

एक अंडे आणि एक तार

माळढोक हा उडू शकणाऱ्या पक्ष्यांपैकी अत्यंत जड पक्षी. मोठा नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी वर्षाला साधारणतः एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर, आणि जवळजवळ चार आठवडे उबवते. अशा जिवाने आपला संसार चालविला आहे तो दीर्घायुष्याच्या भांडवलावर. पिले फार थोडी तगतात, पण एकदा वाढलेला पक्षी अनेक वर्षे जगतो आणि पुनःपुन्हा प्रयत्न करतो. आमच्या परिभाषेत सांगायचे तर व्याजाचा दर अगदी अल्प, म्हणून मुदलाला हात लावायचा नाही.

सुतीर्थ दत्त, असद रहमानी आणि यादवेन्द्रदेव झाला या तिघांनी २०११ मध्ये माळढोकाच्या टिकावाचा असा हिशेब प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष कठोर आहे. दहा किंवा त्याहून कमी पक्ष्यांचे समूह टिकू शकतील ते केवळ अवास्तव अनुकूल परिस्थितीत: पहिल्या वर्षातील पिलांचा मृत्युदर चाळीस टक्क्यांच्या आत राहिला आणि माणसाच्या कारणाने एकही मोठा पक्षी मेला नाही, तरच. शंभराहून अधिक पक्ष्यांचा सर्वांत मोठा समूहदेखील मोठ्या पक्ष्यांच्या जादा मृत्यूंपुढे नाजूक ठरतो.

हे असे का, ते एका काल्पनिक जमाखर्चावरून दिसेल. शंभर पक्ष्यांत पन्नास माद्या धरू. चाळिसांनी अंडी घातली, वीस अंडी फुटली, त्यांतली आठ पिले मोठी झाली. वर्षभरात सहा मोठे पक्षी वयाने वा रोगाने गेले. शिल्लक दोन. आता या शिलकीत तीनच जादा मृत्यू घाला. ताळेबंद तुटीचा होतो आणि दरवर्षी तुटीचाच राहतो. अंड्यांचे रक्षण दुप्पट नेटाने करूनही ही तूट भरून काढणे दुरापास्त असते.

तीन मृत्यू हा आकडा मी सहज घेतला. राजस्थानातील थरच्या प्रदेशात विजेच्या तारांना धडकून वर्षाला सुमारे अठरा माळढोक मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही, आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळताही येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये सुमारे ९९,००० चौरस किलोमीटरच्या टापूत उच्च दाबाच्या तारांवर निर्बंध घालून त्या शक्य तेथे जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश न्यायालयानेच बदलला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्क संविधानाच्या चौदाव्या आणि एकविसाव्या अनुच्छेदांत अनुस्यूत असल्याचे न्यायालयाने म्हटले. थरमधील या तारांना विरोध करणे म्हणजे पुष्कळ अंशी सूर्यापासून आणि वाऱ्यापासून मिळणाऱ्या विजेला विरोध करणे होय. आणि ती वीज हवी आहे ती हवामान आणखी बिघडू नये म्हणून. हवामानबदल पक्ष्याच्या मुळावर येतो तो केवळ उष्म्याने नाही. त्यावरच्या उपायानेही येतो. ऊन-पावसाचे आकडे भरलेल्या कोणत्याही प्रतिमानात ही वाट आपोआप उमटणार नाही.

येथे आमच्या क्षेत्रातील एका जुन्या निष्कर्षाची आठवण होते. कॅनडातील गणिती कॉलिन क्लार्क याने १९७३ मध्ये देवमाशांच्या शिकारीसंबंधी दाखवून दिले होते की, एखाद्या जातीच्या वाढीचा दर बाजारातील व्याजदरापेक्षा पुरेसा कमी असेल तर निव्वळ नफ्याच्या दृष्टीने तिला संपवून पैसा बँकेत ठेवणे फायद्याचे ठरू शकते. देवमासा निदान विकला तरी जात होता. माळढोकाला बाजारात किंमतच नाही. किंमत आहे ती त्याच्या पायाखालच्या जमिनीला. ती दरसाल किती टक्क्यांनी वाढते हे करमाळ्याच्या कोणत्याही दलालाला विचारावे.

एका फुलपाखराचा धडा

जमिनीचा वापर हे पद या गणितात किती नाजूक असते, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण इंग्लंडमधील एका निळ्या फुलपाखराचे आहे. आपल्या माळांशी त्याचे नाते नाही. पण तेथे हिशेब शेवटपर्यंत तपासला गेला, आणि तसा तो क्वचितच तपासला जातो. हे फुलपाखरू कित्येक दशके घटत चालले होते. संग्राहक ते पकडून नेतात अशी समजूत होती, म्हणून काही ठिकाणी कुंपणे घालण्यात आली. घट थांबली नाही. जेरेमी थॉमस या तरुण संशोधकाने १९७० च्या दशकात त्याच्या आयुष्याच्या प्रत्येक टप्प्यातील मृत्यूंचा तक्ता केला, तेव्हा खरा प्रकार उघड झाला. या फुलपाखराची अळी एका विशिष्ट लाल मुंगीच्या वारुळात वाढते. मुंग्या तिला आपले पिलू समजून घरी नेतात आणि ती त्यांचीच पिले खाऊन मोठी होते. त्या मुंगीला उबदार जमीन लागते, आणि इंग्लंडसारख्या थंड देशात जमीन उबदार राहते ती गवत अगदी आखूड चरलेले असेल तरच. गवत दोन-तीन सेंटिमीटरांनी वाढले की माती थंडावते, ती मुंगी जाते आणि दुसऱ्या जातीची मुंगी येते.

गवत वाढले कशामुळे? एक तर १९५० च्या दशकात रोगाने ससे मेले. दुसरे, डोंगरउतारावर मेंढ्या-गुरे चारणे शेतकऱ्याला परवडेनासे झाले. कुंपणांनी संग्राहकांबरोबर गुरांनाही बाहेर ठेवले आणि उरलीसुरली कसर भरून काढली. १९७९ मध्ये फुलपाखरू इंग्लंडमधून नामशेष झाले. आता हिशेब कळला होता. म्हणून उतारांवर पुन्हा चराई सुरू करण्यात आली आणि १९८३ पासून स्वीडनमधून आणलेली बीजे तेथे सोडण्यात आली. ती रुजली. आणखी एक बारकावा असा की, हवा जसजशी उबदार होईल तसतसे ते गवत थोडे उंच असूनही त्या मुंगीला चालेल. म्हणजे किती चराई योग्य, याचे उत्तर हवामानाबरोबर सरकत जाते. जमीन आणि हवामान यांची दोन वेगळी प्रकरणे करून चालत नाही ते यासाठी.

या कथेतील मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे वाक्य मुंगीविषयीचे नाही. चराई परवडेनाशी झाली, हे ते वाक्य. फुलपाखराचे भवितव्य लोकरीच्या आणि मांसाच्या भावात ठरत होते.

माळ म्हणजे पडीक नव्हे

सोलापूरकडे वळू. नान्नजच्या माळावरील माळढोकांकडे १९७० च्या दशकात लक्ष वेधले ते सोलापूरचे पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी. त्या काळच्या माळाचे वर्णन एका वाक्यात करता येईल: मधे गवताळ गायरान, भोवती शाळू-करडईची कोरडवाहू राने, आणि धनगरांची मेंढरे. पक्षी गवतात अंडे घाली, शेतात नाकतोडे आणि दाणे टिपी. शेतकऱ्याला त्याचा उपद्रव नव्हता, की शेतकऱ्याचा त्याला नव्हता. हा मेळ कोणी योजून घडविलेला नव्हता, म्हणूनच तो मोडत असतानाही कोणाच्या लक्षात आला नाही.

आपल्या महसुली परंपरेत ज्या जमिनीचा सारा येत नाही ती पडीक. इंग्रजांच्या राज्यात ही दृष्टी रुजली आणि स्वातंत्र्यानंतरही ती फारशी पालटली नाही. १९८५ मध्ये तर पडीक जमिनींच्या विकासासाठी राष्ट्रीय मंडळच स्थापन झाले. माळावर झाडे लावणे हे पुण्यकर्म ठरले. खुद्द माळढोकाच्या प्रदेशातही ग्लिरिसिडियासारख्या झाडांची लागवड झाली. मोकळ्या नजरेवर जगणाऱ्या पक्ष्याला झाडी म्हणजे शत्रूला दडायची जागा, हे सांगण्यास बराच काळ जावा लागला. इंग्लंडमधील कुंपण आणि आपली वृक्षलागवड यांत फरक शोधायला गेलो तर फारसा सापडत नाही.

रिकाम्या माळाचेही मोल असते, हे सांगणारे प्रतिमान रिचर्ड लेव्हिन्स याने १९६९ मध्ये मांडले. गंमत अशी की, पोर्तो रिकोत काही वर्षे शेती केलेल्या या शास्त्रज्ञापुढे प्रश्न होता तो पिकांवरील किडीच्या नियंत्रणाचा. जात टिकविण्याचा नव्हे. त्याचे प्रतिमान आपल्याकडील देवळापुढच्या दीपमाळेवरून समजावे. वाऱ्याने काही पणत्या विझतात, शेजारच्या पणतीवरून त्या पुन्हा लावता येतात. लागण्याचा वेग विझण्याच्या वेगाहून अधिक असेल तोवर दीपमाळ तेवत राहते. पण मधल्या विझलेल्या पणत्या निकामी समजून काढून टाकल्या, तर उरलेल्यांत तेल भरपूर असूनही एकेक करून सगळ्या विझतात. दख्खनच्या पठारावर नान्नज, तेव्हाच्या कर्नूल जिल्ह्यातील रोळ्ळापाडू, बल्लारीकडील सिरुगुप्पा या अशाच पणत्या होत्या. पक्षी दूरवर भटकत, एका ठिकाणचा अवर्षणग्रस्त समूह दुसऱ्या ठिकाणच्या पक्ष्यांनी सावरत असावा. मधले माळ नांगरले गेले. जेथे त्या वर्षी पक्षी दिसला नाही तो माळ कोणाच्याही यादीत नव्हता, त्यामुळे त्याच्यासाठी हळहळलेही कोणी नाही.

ते नांगरले का गेले? उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले. कालवे आले, कूपनलिका आल्या, साखर कारखान्यांची दाटी झाली. शाळूचा भाव बाजाराच्या मर्जीवर. उसाला मात्र कायद्याने ठरविलेला रास्त व किफायतशीर दर आणि घेणारा कारखाना ठरलेला. पर्जन्यछायेतील शेतकरी पाणी खाणारे पीक घेतो म्हणून त्याला नावे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, पावसाच्या लहरीपणावर त्याने शोधलेला हा विमा आहे. दोन दुष्काळ सोसल्यावर तो अधिक खोल बोअर घेतो आणि जे हमखास विकले जाते ते लावतो. पाऊस जितका बेभरवशाचा, तितकी खात्रीच्या उत्पन्नाची ओढ अधिक. हवामान पक्ष्यापर्यंत पोचते ते या मार्गाने, शेतकऱ्याच्या निर्णयातून. ज्या नकाशांत येत्या काळातील तापमान आणि पर्जन्यमान घालून अमुक जातीला अमुक प्रदेश मानवेल असे रंगवलेले असते, त्यांत हा टप्पा गाळलेला असतो. क्रिस थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अशाच पद्धतीने, पाहिलेल्या प्रदेशांतील १५ ते ३७ टक्के जाती २०५० पर्यंत नाशाच्या मार्गाला लागलेल्या असतील असे अनुमान काढले, तेव्हा जगभर मथळे झळकले. त्या आकड्यांवर पुष्कळ वाद झाला. मला त्या वादाहून मोठी वाटणारी उणीव ही की, नकाशावर माळढोकाला मानवणारा ठरलेला चौकोन प्रत्यक्षात उसाखाली असू शकतो.

१९७९ च्या अभयारण्यातही हीच चूक निराळ्या रूपाने होती. तेथे जमीन बहुतांशी खाजगी मालकीची. अभयारण्य झाल्याने खरेदी-विक्री अडली, बिगरशेती परवाने अडले, मुलीच्या लग्नासाठी दोन एकर विकू पाहणाऱ्याचे व्यवहार अडले. मात्र शाळू सोडून ऊस लावण्यास काहीच अटकाव नव्हता! पक्ष्याला मारक असलेला बदल मोकळा आणि शेतकऱ्याला जाचणारे बंधन पक्के, अशी ही उलटी व्यवस्था. परिणामी ज्याच्या रानात पक्षी उतरे त्यालाच पक्षी नकोसा झाला. मध्य प्रदेशात करेरा येथे १९८१ मध्ये माळढोकासाठी झालेल्या अभयारण्याचीही गत निराळी नाही. काळविटांनी पिके खाल्ली, जमिनीवरील निर्बंधांनी लोक चिडले, आणि १९९० च्या दशकात तेथून माळढोक दिसेनासा झाला.

यावर एक आक्षेप येईल तो असा: शेतकऱ्याचे वर्तन गणितात बसवता येत नाही. हा आक्षेप अर्थशास्त्राच्या अध्यापकापुढे टिकणार नाही. भाव वाढला तर पेरा किती बदलतो, पाणी आले तर कोणते पीक मागे पडते, याची समीकरणे आम्ही पिढ्यान्पिढ्या विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेत आलो आहोत. ती अचूक नसतात हे मान्य; पण पक्ष्याच्या पिलाचा मृत्युदर तरी कोठे अचूक असतो? पक्ष्याच्या बाजूला फासे टाकायचे आणि शेतकऱ्याच्या बाजूला जमीन आहे तशी गोठवून ठेवायची, हा निवडक काटेकोरपणा झाला. दोन्ही हिशेब एका वहीत मांडले तर काही प्रश्न सोडवण्याजोगे होतात. उदाहरणार्थ, नान्नजभोवतीच्या ठराविक गावांत शाळू-करडई कायम ठेवण्यासाठी एकरी किती रुपये दिले तर किती शेतकरी कबूल होतील? सलग दोन दुष्काळ पडले तर त्यांतले किती करार मोडतील? तेच पैसे तारा जमिनीखाली नेण्यात घातले तर टिकावाचा संभव अधिक वाढतो की कमी? आज यांतल्या प्रत्येक प्रश्नावर ठाम मते आहेत, आकडे कोणापाशी नाहीत.

हे काम निव्वळ पांडित्याचे नाही. जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून माळढोकाची अंडी गोळा करून पिले वाढविण्याचा उपक्रम चालू आहे. २०२४ मध्ये तेथे कृत्रिम रेतनातून पहिले पिलू जन्माला आले. हे पक्षी कधी तरी मोकळ्यावर सोडावे लागतील, आणि तेव्हा कोणता माळ त्यांना सांभाळू शकेल असा प्रश्न येईल. दख्खनचा विचार त्यात व्हायचा असेल तर नान्नजच्या परिसरातील गावांचा गेल्या चाळीस वर्षांचा पेरा, विहिरी-कूपनलिकांची वाढ, मेंढरांची संख्या आणि विजेच्या तारांची लांबी, एवढे तरी गावनिहाय हाती असले पाहिजे. यांतील बरीचशी माहिती तलाठ्याच्या दप्तरात, गाव नमुना बारामध्ये आणि पशुगणनेत नोंदलेली आहे. सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या अर्थशास्त्र आणि प्राणिशास्त्र या दोन विभागांनी प्रत्येकी दहा विद्यार्थी दिले, तर दोन उन्हाळी सुट्यांत हा तक्ता तयार होईल.